‘थर्ड पार्टी’ म्हणजे कोण? जुना टीव्ही गेम आणि बिनवायरीचा रिमोट

आज गोडदेवात बोलायचं म्हणून आम्ही मुद्दामच घरातला विषय घेतलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर, दिवाणाच्या पेटीत नाहीतर गावच्या घरी एक जुना टीव्ही गेम अजून पडून असेल. मशीन बहुतेक वेळा चालू स्थितीत असतं, रिमोट मात्र मेलेले असतात. आणि मग प्रश्न येतो, आम्हाला तर तो फार वेळा विचारला जातो: हल्ली जुन्या गेमना लागतील असे बिनवायरीचे रिमोट वेगवेगळ्या कंपन्या काढतायत, त्यातला कोणता घेऊ?

शब्दांचं आधी सांगून टाकतो. ‘कंट्रोलर’ हा शब्द आपल्याकडे फार नंतर आला. नव्वदीच्या दशकात कुणी जॉयस्टिक म्हणायचं, कुणी रिमोट. कार्ट्रिजला तर सगळेच कॅसेट म्हणायचे. आम्ही आज रिमोटच म्हणणार आहोत. टीव्हीच्या रिमोटशी गल्लत झाली तर हात वर करा.

आता प्रश्न वरवर खरेदीचा वाटतो. जाहिरात बघायची, किंमत बघायची, मागवायचं. पण आमचं म्हणणं असं, की उत्तर जाहिरातीत सापडणार नाही, कारण जाहिरातीत ज्या मशीनचं नाव लिहिलेलं असतं ते मशीन आपल्याकडे बहुतेकांच्या घरी कधी आलंच नव्हतं. दुसरंच काहीतरी आलं होतं. ते काय होतं, कुठून आलं आणि त्याच्या पुढच्या भोकात किती पाय आहेत, हे कळल्याशिवाय रिमोट घेणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणण्यासारखं आहे. चप्पल निदान बदलून तरी मिळते. इथं मशीन जळू शकतं.

तर सुरुवात जपानपासून करू. १५ जुलै १९८३ ला निन्टेन्डो कंपनीनं तिथं ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. लाल-पांढरं खोकं, आणि त्याला दोन रिमोट कायमचे जोडलेले. काढता यायचे नाहीत. वायरी मीटरभराच्याही आत. म्हणजे मशीन जमिनीवर, खेळणारा जमिनीवर, दोघं शेजारी शेजारी. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, हेच यंत्र अमेरिकेत ‘एनईएस’ नावानं गेलं तेव्हा अंगच बदललं. तिकडं लोक सोफ्यावर बसणार, म्हणून वायर दोन मीटरांवर गेली, रिमोट काढता-घालता येऊ लागले आणि त्यासाठी कंपनीनं स्वतःचा ७ पायांचा, जगात दुसरीकडं कुठं नसलेला प्लग केला. शिवाय आत कुलपाची चिप बसवली, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय काढलेली कॅसेट चालू नये. जपानी फॅमिकॉमला ते कुलूप नव्हतं.

हे कुलूप नसणं आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. कारण तैवानमधल्या कंपन्यांनी नक्कल केली ती या बिनकुलपाच्या जपानी मशीनची. यूएमसी नावाच्या तैवानी कंपनीनं निन्टेन्डोच्या दोन मुख्य चिपांसारख्या चाललणाऱ्या चिपा काढल्या, आणि त्यांवर शेकडो नावांची खोकी तयार झाली. पुढं तर अख्खं मशीन एकाच चिपेत मावलं. उघडून बघितलंत तर हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसतो, तेच मशीन. आपल्याकडे हीच खोकी ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आली. नंतर १९९८ पासून मुंबईच्या ‘मिताशी’नं टीव्ही गेम घरोघर नेले. आणि बिननावाची तर किती! खोक्यावर एक चित्र, आत दुसराच गेम, कॅसेटवर ‘९९९९ इन १’ आणि प्रत्यक्षात तेच पाचसहा गेम फिरून फिरून. (हशा)

असली मशीनं आपल्याकडे येतच नव्हती का? एक येत होतं. सेगा कंपनीचा ‘मेगा ड्राइव्ह’ १९९५ मध्ये शॉ वॉलेसनं भारतात विकायला घेतला. हो, तीच शॉ वॉलेस, मद्यवाली. आयात शुल्क ८० टक्के होतं, ते टाळण्यासाठी हा इथला भागीदार. तरीही किंमत १८,००० रुपये. तेवढ्यात घरात रंगीत टीव्ही यायचा. मग ज्या घरात टीव्हीच हप्त्यावर आलाय त्या घरात टीव्हीच्या किमतीचं खेळणं कोण घेणार?

इथं आपल्या गावाचा संबंध येतो. गोडदेव, नवघर, खारी ही जुनी गावं; खाडी, शेती आणि भाईंदरची मिठागरं हा इथला जुना व्यवहार. १९८५ मध्ये मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात काय झालं ते जनगणनेत दिसतं: १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांवर गेली. दहा वर्षांत तिप्पट. गिरगाव-परळच्या चाळीतून, गिरण्यांच्या संपानंतर विस्कटलेल्या घरांतून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून माणसं आली आणि वन रूम किचन घेऊन राहिली. आणि नेमक्या याच दहा वर्षांत तैवानी-चिनी टीव्ही गेम भारतभर पसरला. म्हणजे इथल्या कितीतरी घरांत पहिला स्वतःचा ब्लॉक आणि पहिला टीव्ही गेम एकाच पिढीच्या कमाईतून आले. त्या मशीनची हमीपत्रं नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, कोणत्याही संग्रहालयात त्याची ओळ नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला विचाराल तर आज त्या व्यवहाराचा एकच पुरावा उरलाय, तो म्हणजे तुमच्या माळ्यावरचं खोकं.

आता ‘थर्ड पार्टी’ या शब्दाकडे या. पहिला पक्ष मशीन बनवणारी कंपनी, दुसरा पक्ष ते विकत घेणारे आपण, आणि तिसरा पक्ष म्हणजे मूळ कंपनीशी संबंध नसताना तिच्या मशीनला लागेल अशी वस्तू बनवणारा. अमेरिकेत, जपानात हा हिशोब सरळ आहे. आपल्याकडे मशीनच तिसऱ्या पक्षाचं. आणि तिसऱ्याच्या मशीनला लागणारा रिमोट बनवणारा कोण, चौथा? गंमत सोडा, पण यात व्यवहाराचा मुद्दा आहे. ‘एनईएससाठी’ असं लिहिलेला बिनवायरीचा रिसीव्हर तुम्ही मागवलात तर त्याला ७ पायांचा निन्टेन्डोचा प्लग असेल. तुमच्या ‘मीडिया’ला, ‘लिटल मास्टर’ला तो शिरणारच नाही. कारण नक्कल करणाऱ्यांनी निन्टेन्डोचा प्लग घेतलाच नाही. त्यांनी बाजारात पोत्यानं मिळणारा ९ पायांचा प्लग लावला, काहींनी १५ पायांचा.

हा ९ पायांचा प्लग मोठा फसवा. अटारीनं तो वापरला, सेगा मेगा ड्राइव्हनं तोच वापरला, जुन्या कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टलाही तोच. दिसायला सगळे भाऊ. पण आतल्या वायरींचा क्रम प्रत्येकाचा निराळा. मेगा ड्राइव्हमध्ये ५ व्होल्ट वीज ज्या पायावर येते, त्या पायावर आपल्या टीव्ही गेममध्ये ती येत नाही. म्हणजे मेगा ड्राइव्हचा छान नवा बिनवायरीचा रिसीव्हर आणून आपल्या खोक्यात घातलात, तो बसेलसुद्धा फटकन, आणि एक तर काहीच होणार नाही, नाहीतर जे व्हायला नको ते होईल. आमची पहिली सूचना म्हणूनच अगदी साधी आहे: प्लग बसला म्हणजे जमलं असं समजू नका. आणि ९ पायांची सगळी देशी मशीनंसुद्धा आपसांत एकसारखी असतील असं धरू नका. मल्टिमीटर लावून वीज आणि अर्थ कुठं आहेत ते आधी बघा.

मग त्या पायांमधून जातं तरी काय? हे समजून घेण्यासारखं आहे, आणि शाळेत गेलेल्या कुणालाही समजेल. मशीन रिमोटची हजेरी घेतं. रिमोटमध्ये ८ बटणं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. याच क्रमानं. एक वायर म्हणजे घंटा; ती वाजली की आत्ता या क्षणी कोणतं बटण दाबलेलं आहे ते रिमोटमधली छोटी चिप टिपून ठेवते. दुसरी वायर म्हणजे ‘पुढचा, पुढचा, पुढचा’ असं ओरडणारे गुरुजी. आणि तिसऱ्या वायरीवरून एकेक उत्तर येतं, हजर किंवा गैरहजर. या तीन, आणि वीज व अर्थ मिळून पाच वायरी. संपला रिमोट. ‘४०२१’ या नावाची साधी, काही रुपयांची चिप हे काम करते. ही हजेरी साधारणपणे प्रत्येक चित्राला एकदा होते. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक हजेरी. हा २०चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मूळ वायर होती तोवर घंटा वाजल्याबरोबर उत्तर तयार असायचं. बिनवायरीच्या रिमोटमध्ये मधे एक दलाल येतो. मशीनला चिकटलेला रिसीव्हर हजेरीला उत्तर देतो, पण ते उत्तर त्याला हवेतून, रिमोटकडून, थोडं आधी कळलेलं असतं. किती आधी, यावर सगळं ठरतं.

हवेतून कळवण्याची धडपड आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. अटारीनं १९८३ मध्येच रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिक काढल्या होत्या. बूड एवढं जाड की हातात वरवंटा धरल्यासारखं वाटावं. मग १९८९ च्या सुमारास अक्लेम कंपनीनं एनईएससाठी इन्फ्रारेडवर चालणारे रिमोट काढले, आणि निन्टेन्डोनं स्वतः चार खेळाडूंचा ‘सॅटेलाइट’ काढला, तोही इन्फ्रारेड. इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटचंच तंत्र: समोर बघूनच बोलतो. मधे कुणी आलं की संपलं. आता वन रूम किचनमध्ये टीव्हीच्या समोरून कोण कोण जातं ते आम्ही सांगायला नको. आई कपडे वाळत घालायला गॅलरीत जाते, बाबा पाणी प्यायला उठतात, आणि कॉन्ट्रातला गडी खड्ड्यात पडतो. नंतरच्या स्वस्त टीव्ही गेमबरोबरही ‘रिमोटवाले’ म्हणून हेच इन्फ्रारेड जोड मिळत. खोक्यावर ‘वायरलेस’ एवढंच लिहिलेलं असलं तर आजही विचारा, इन्फ्रारेड की रेडिओ? इन्फ्रारेड असेल तर, स्पष्ट सांगतो, घेऊ नका.

खरा बदल झाला तो २००२ मध्ये. निन्टेन्डोनं गेमक्यूबसाठी ‘वेव्हबर्ड’ काढला. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ, १६ चॅनल, दोन पेन्सिल सेलवर १०० तासांपर्यंत. मधे भिंत आली, माणूस आला, फरक पडत नाही. त्यात थरथरणारी मोटर ठेवली नव्हती, सेल वाचवायला. मोठ्या कंपनीनं बनवलेला, वायरीच्या तोडीचा म्हणून लोकांनी मनापासून स्वीकारलेला पहिला रिमोट हाच, असं आमचं मत.

आणि त्याच वर्षी तो कुणी बाहेरगावाहून भाईंदरला आणला असता तर? इथं जरा थांबू, कारण यात आपल्या देशाचा निराळा इतिहास आहे आणि तो गेमच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही. आपल्याकडे बिनतारी यंत्र ही गोष्ट इंग्रजांच्या काळापासून परवान्याची. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, आणि १९३३ चा बिनतारी संदेशयंत्रांचा कायदा; त्यातल्या दुसऱ्यानुसार असलं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. ज्येष्ठ मंडळींना रेडिओचं लायसन आठवत असेल. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. गाणी ऐकण्यासाठी! ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली, पण लहरी सोडणाऱ्या यंत्रांचं काय, तो प्रश्न राहिलाच. अमेरिकेनं १९८५ मध्येच २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे ठराविक पद्धतीच्या यंत्रांना विनापरवाना वापरायला मोकळे केले होते. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी सरसकट परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं. तुमच्या घरातला वायफाय, कानातला ब्लूटूथ, बिनवायरीचा माऊस, सगळं या एका कागदावर उभं आहे.

म्हणजे बघा, आपल्या पिढीनं कॉन्ट्रा आणि मारिओ वायरीवर खेळले यात नुसती गरिबी नव्हती. वायर तोडायला आधी पैसा नव्हता, मग तंत्र नव्हतं, आणि तंत्र आलं तेव्हा मोकळी हवा नव्हती.

आजही रेडिओचं यंत्र भारतात विकायचं तर दूरसंचार विभागाकडून त्या नमुन्याची मान्यता लागते, आणि रिचार्जच्या लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. इथल्या दुकानातून घेतलेल्या रिमोटवर हे शोधायची सवय ठेवा. परदेशातून एकेक नग मागवताना तो कस्टममध्ये अडकू शकतो, हेही हिशोबात धरा.

आता हवा मोकळी झाली खरी, पण मोकळ्या जागेचं आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणताच. फेरीवाले आले. (हशा) गोडदेवातल्या कुठल्याही सात मजली इमारतीत मोबाईलवर वायफायची यादी उघडून बघा, दहापंधरा नावं दिसतील. त्यातली बरीचशी याच पट्ट्यात, त्यातही बहुतेक १, ६ आणि ११ या तीन चॅनलवर. तुमचा रिमोट त्याच गर्दीतून वाट काढणार. ब्लूटूथची युक्ती अशी, की तो पट्ट्याच्या ७९ बारीक फटींमधून सेकंदाला १६०० उड्या मारतो, आणि २००३ च्या आवृत्तीपासून गर्दीच्या फटी ओळखून टाळतो. म्हणून तो तुटत नाही, पण कधीकधी उत्तर एखादी उडी उशिरा पोचतं. स्वतःचा छोटा रिसीव्हर घेऊन येणारे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट सहसा जास्त चपळ असतात, कारण त्यांचं बोलणं एकाच जोडीदाराशी असतं. तरी आमचा अनुभव असा, की रिसीव्हर टीव्हीच्या पाठीमागे, वायफायच्या डब्याला चिकटून ठेवलेला असतो आणि दोष रिमोटला दिला जातो. रिसीव्हर पुढं आणा, समोर दिसेल असा. अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

आणि उरलेला दोष टीव्हीचा. तो २०चा आकडा आठवतो? चांगला बिनवायरीचा रिमोट पाचदहा मिलिसेकंद घेतो, म्हणजे अर्धी हजेरी. पण सपाट टीव्ही जुन्या मशीनचं चित्र नव्या पडद्याच्या मापाचं करण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ खाऊ शकतो. मारिओ उडी उशिरा मारतो, खड्ड्यात पडतो, आणि आपण म्हणतो वायरलेस भंगार आहे. नवीन रिमोट घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा, तो फुकट आहे.

मग घ्यायचा कोणता? घरात मशीन कोणतं आहे त्यावर.

प्लेस्टेशन २ असेल, आणि २००० नंतरच्या पोरांकडे तेच असतं, तर फारसा त्रास नाही. मशीन असलीच असल्यानं प्लग एकच, बाजारात जोडही भरपूर. एकच पाहायचं. त्याच्या मूळ रिमोटची बटणं किती जोरात दाबली हेही ओळखायची. ग्रॅन तुरिस्मो ३ सारखे गेम त्यावर गाडीचा वेग ठरवतात. स्वस्त बिनवायरीचे रिमोट हे सोडून देतात, आणि नंतरच्या प्लेस्टेशन ४ च्या रिमोटमध्येही ते राहिलं नाही. क्रिकेट आणि मारामारीचे गेम खेळणाऱ्याला याचं काही देणंघेणं नाही. गाड्यांवाल्याला आहे.

मेगा ड्राइव्ह असेल तर तुम्ही भाग्यवान, कारण चीनच्या ‘८बिटडू’नं आणि इतरांनी त्याच्यासाठी ६ बटणांचे चांगले रिमोट काढलेत, ‘रेट्रो-बिट’नं तर सेगाच्या अधिकृत परवान्यानं. ३ बटणांच्या जमान्यातले काही जुने गेम ६ बटणांच्या रिमोटला बिचकतात. तेव्हा मोड नावाचं बटण दाबून धरून मशीन चालू करायचं, रिमोट ३ बटणांचा असल्याचं सोंग घेतो.

आणि आपलं ९ पायांचं, बिनपत्त्याचं खोकं? त्याच्यासाठी सरळ मिळणारं असं काही नाही. पण वाट आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी३२’ नावाची ब्लूटूथ असलेली चिप आहे, ती ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळते. तिच्यावर चालणारा ‘ब्लूरेट्रो’ हा मुक्त प्रकल्प आहे. कुणीही फुकट उतरवून घ्यावा. तो चढवला की ती चिप एनईएसच्या पद्धतीनं हजेरीला उत्तर द्यायला शिकते, आणि रिमोट म्हणून तुम्ही घरातला कुठलाही चांगला ब्लूटूथ रिमोट वापरू शकता. आमच्या मते आपल्या देशी मशीनला हा सगळ्यात योग्य उपाय आहे, कारण प्लगचा क्रम तुम्ही स्वतः जोडता. कुणा परक्या कारखान्यानं गृहीत धरलेला नसतो. दोन सावधगिऱ्या. जुन्या रिमोटमधली चिप नखभर वीज घ्यायची. ईएसपी३२ मधूनमधून शेकडो मिलिअँपिअरचा झटका मागते. स्वस्त खोक्यातला रेग्युलेटर आधीच तापलेला असतो, त्याच्यावर हा बोजा टाकू नका, चिपेला मोबाईलच्या चार्जरवरून वेगळी वीज द्या आणि अर्थ तेवढा एकत्र जोडा. दुसरं, ही चिप ३.३ व्होल्टची आहे आणि मशीन ५ व्होल्टचं, तेव्हा प्रकल्पाच्या आकृतीप्रमाणेच मधली जोडणी करा. सोल्डरिंगचा हात नसेल तर टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला आकृती दाखवा, त्याला हे कठीण नाही.

आता आम्हाला सगळ्यात जास्त कळवळून सांगायचंय ते हे. ही जोडणी करताना लोक हमखास जुन्या रिमोटची वायर कापतात, प्लग हवा म्हणून. कृपा करून कापू नका. त्या वायरीतल्या रंगांचा आणि पायांचा क्रम हा तुमच्या मशीनचा एकमेव नकाशा आहे. छापील नकाशा कुठंच नाही. रिमोट मेलेला असला तरी वायर बोलते. त्याऐवजी जुन्या कॉम्प्युटरची ९ पायांची सिरियल एक्स्टेन्शन केबल आणा, भंगारातही मिळते, आणि ती कापा. मात्र ती सरळ असायला हवी, आतल्या आत वायरी उलटसुलट केलेली नको, आणि नऊच्या नऊ वायरी आत आहेत ना हे मल्टिमीटरनं तपासा.

हीच केबल न कापता वापरली तर काय होतं, सांगा बरं? वायर लांब होते. मुळात अडचण ही होती, की टीव्ही भिंतीवर गेला, आपण सोफ्यावर आलो आणि जुनी वायर पोचेना. रिमोट चालू असेल तर नुसत्या एक्स्टेन्शननं काम भागतं. आणि रिमोट ‘मेला’ म्हणजे बहुतेकदा बटणाखालच्या रबराचा काळा थर झिजलेला असतो. पट्टी स्पिरिटनं पुसून, रबर बदलून किंवा थेट चांदीचा कागद चिकटवून तो परत उठतो; टीव्हीच्या रिमोटला आपण हेच करत आलोय. आधी हे करून बघावं आणि मग बिनवायरीचा विचार करावा, असं आमचं मत आहे.

मग बिनवायरी कुणाला हवाच? ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्यांना. ज्यांचा हात पूर्वीसारखा चालत नाही, ज्यांना ती चौकोनी टोकदार वडी धरून बोटं दुखतात, त्यांना गोल, मोठा, मुठीत बसणारा ब्लूटूथ रिमोट लावून देता येतो आणि बटणंही सोयीनं बदलता येतात. नव्वदीत ज्यांनी तो गेम घेऊन दिला ती माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांच्यासोबत खेळायचं असेल तर हा खर्च योग्य आहे. अशा घरासाठी रिमोट घेताना आणखी एक बघा: पेन्सिल सेलवर चालणारा की आत लिथियम बसवलेला. लिथियम पाचसात वर्षांत थकतो, फुगतो, आणि उघडून बदलता येत नसेल तर रिमोट फेकावा लागतो. पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतो. आम्ही कधीही दुसराच घेऊ.

बंदुकीचं विचारणार आहात, माहितीये. बदकं मारायची बंदूक. ती बिनवायरीची करून काही उपयोग नाही, कारण तिची अडचण वायर नाहीच. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन त्याच क्षणी दिसतो का ते पाहतो. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, डोळा चुकतो. तिला पेटीवाला, काचेचा टीव्हीच लागतो. तुमच्याकडे व्हिडिओकॉन, ओनिडा, बीपीएल असं काही शिल्लक असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बंदूक लावून बघा.

पुढच्या टेबलावर आम्ही तीन प्लग ठेवलेत: ७ पायांचा, ९ पायांचा आणि १५ पायांचा. शेजारी मल्टिमीटर आहे आणि ईएसपी३२ जोडलेली एक केबल. ज्यांनी आपलं खोकं सोबत आणलंय त्यांनी एकेक करून या. मशीन बंद ठेवूनच पाय मोजायचे, वीज आम्ही लावू.